वारुळाच्या मातीतून जुन्या वस्तूंची शिल्पं कशी करावीत

जुनी वस्तू आत सांगाड्यासारखी ठेवून तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, असं हे शिल्प. गळकी किटली, काजळलेला कंदील, कोळशाची इस्त्री, काहीही चालेल. गंज आणि तेलकटपणा घासून काढा. वस्तू निवडण्यात लोक आठवडे घालवतात आणि माती मात्र दिसेल ती उचलतात. उलट करा.

वाळवी जमिनीखालचे बारीक कण वर आणून लाळेने चिकटवते, म्हणून वारुळाची माती चिवट असते आणि तिच्यात खडे फार कमी निघतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या तांबड्या पट्ट्यात ती सहज मिळते. पण माती ओसाड वारुळाचीच घ्या. वारुळाला बोटभर भोक पाडून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. भोक बुजलेलं असेल तर आत वाळवी नांदते आहे, ते वारूळ सोडून द्या. ओसाड वारुळात साप असू शकतो, तेव्हा आत हात घालू नका, बाहेरची ढासळलेली माती फावड्याने ओढा. नागपंचमीला पुजलं जाणारं वारूळ रिकामं असलं तरी त्याला हात लावायचा नाही. भीमगड अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून माती आणायची नाही. बांधावरची घ्या, तीही मालकाला विचारून.

कुटा, चाळा, दोन दिवस भिजवा, मळा.

आता खरा अवघड भाग: भेगा. मी इथेच सर्वांत जास्त अडलो. वाळताना पाणी निघून जातं आणि माती आकसते, आतलं लोखंड मात्र जराही आकसत नाही. मातीला सरकायला जागा मिळाली नाही की ती फाटते. यावर लोक बिनदिक्कत सांगतात, सिमेंट मिसळा, लाकडाचा पांढरा गोंद ओता. दोन्ही करू नका. सिमेंटने मातीचा लवचीकपणा जातो, आणि जास्त गोंदाने वर कातडी धरून आतला ओलावा कोंडतो. पुढे ती कातडी पापुद्र्यांनी सुटते.

आधी वस्तूवर जुन्या धोतराच्या पट्ट्या आणि वर्तमानपत्र सैलसर गुंडाळा, सुतळीने बांधा. दाबल्यावर बोट किंचित रुतलं पाहिजे. ही गादी टाळून केलेलं काम टिकत नाही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मग मातीत भाताचं तूस, बारीक कापलेली सुतळी आणि चाळलेलं सुकं शेण मिसळा. किती? मोजून ठरवा. मातीची पट्टी थापून तिच्यावर 10 सेंटिमीटरची रेघ ओढा आणि पूर्ण वाळल्यावर पुन्हा मोजा. रेघ 9.5 पेक्षा कमी भरली तर तूस वाढवा आणि नवी पट्टी करा. हा वेळ वाचवू नका.

लेप सगळीकडे सारख्या जाडीचा द्या. कान, तोटी, कडा आधी वाळतात आणि तिथूनच भेग सुरू होते, म्हणून त्यांच्यावर ओलं फडकं ठेवा आणि बाकीच्यावर गोणपाट टाका. उन्हात कधीच ठेवू नका, पंख्याखालीही नाही. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात हे काम काढूच नये, माती वाळण्याआधी बुरशी धरते. अथणीकडच्या कोरड्या उन्हाळी वाऱ्यात उलटा त्रास, तिथे गोणपाट सकाळ-संध्याकाळ भिजवावं लागतं. दिवाळीनंतरचा काळ दोन्हीकडे बरा.

तरीही केसाएवढी भेग पडली तर तिच्यात ओली माती भरू नका, ती आकसून पुन्हा उघडते. त्याच मातीची कोरडी भुकटी, कागदाचा लगदा आणि बाभळीचा डिंक घट्ट कालवा, भेग थोडी रुंद खरवडा आणि दाबून भरा.

पूर्ण वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटा आणि जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा. शिल्प भाजलेलं नाही, आत कापड-कागद आहे, म्हणून ते भट्टीत जायचं नाही. पागोळ्यांखालीही ठेवायचं नाही, कोरड्या भिंतीशी ठेवा.