झेब्राफिशला खूण करताना या चुका टाळा

झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या पट्टेरी माशाला ओळखीची खूण करायला मिनिटभर पुरतं. तीन महिन्यांनी तीसेक माशांच्या घोळक्यात ती खूण वाचायची असते, तीही बहुधा दुसऱ्याच कुणाला, आणि खरा घोळ तिथे होतो.

मासा पूर्ण वाढला तरी तीन-चार सेंटिमीटर, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. मोठ्या माशांत ओळखीसाठी घालतात ती 12 मिलिमीटरची इलेक्ट्रॉनिक चिप त्याच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी भरते. ती सोडाच.

पर कापला म्हणजे खूण झाली, असं समजणं

शेपटीच्या पराचा तुकडा डीएनए तपासायला उत्तम, पण ओळखीसाठी कच्चा. झेब्राफिशचा पर पुन्हा उगवतो. पुनर्जननावर काम करणाऱ्यांचा तो लाडका आहे तो याचमुळे. 28 अंशांच्या पाण्यात दोन-तीन आठवड्यांत शेपटी जवळपास होती तशी होते. त्यामुळे पीसीआरचा (डीएनए चाचणीचा) निकाल येईपर्यंत मासे सुट्या डब्यांत ठेवा आणि नंबर डब्यावर लिहा, झाकणावर नको. झाकणं धुताना अदलाबदल होतात, आणि हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

भुलेचं पाणी आंबट

ट्रायकेन हे माशांचं भुलेचं औषध पाण्यात विरघळलं की पाणी आम्लधर्मी होतं. खायचा सोडा किंवा ट्रिस (सामू स्थिर ठेवणारं रसायन) घालून सामू 7च्या आसपास आणल्याशिवाय मासा त्यात सोडू नका. मोठ्या झेब्राफिशला लिटरमागे साधारण 160 मिलिग्रॅम चालतं. शेपटीला चिमटा घेऊन प्रतिसाद येत नाही, पण कल्ल्यांची झाकणं अजून हलताहेत, ही योग्य वेळ. मासा ओल्या स्पंजच्या खाचेत ठेवा, कोरड्या हातात नाही. शुद्धीवर यायला वेळ लागला तर ड्रॉपरने कल्ल्यांवर ताजं पाणी सोडत राहा.

इलॅस्टोमर खोल टोचणं

कातडीखाली भरायचं हे रंगीत सिलिकॉन लहान माशांसाठी सगळ्यात भरवशाचं. दहा भाग रंग, एक भाग घट्ट करणारा द्रव. मिसळल्यावर ते दाटायला लागतं, म्हणून आधी मासे तयार, मग मिश्रण. उलट केलंत तर शेवटच्या माशांच्या वेळी सुई तुंबते. इन्सुलिनची सिरिंज खवल्यांच्या मधून, कातडीला जवळजवळ समांतर घाला आणि सुई मागे ओढता ओढता बारीक रेघ सोडा. छिद्राच्या जरा अलीकडे थांबा, नाहीतर रंग जखमेतून बाहेर येतो. स्नायूत खोल गेलेली खूण आज दिसते आणि मासा वाढला की बुजते.

संकेतच चुकीचा निवडणं

पृष्ठपराच्या (पाठीवरच्या पराच्या) पुढे-मागे, डावी-उजवी अशा चार जागा आणि चार रंग घ्या. प्रत्येक माशाला नेमक्या दोन खुणा केल्या तर 96 वेगळे मासे ओळखता येतात. काही जण एका खुणेचे आणखी 16 संकेत त्यात मिसळतात. मोह समजतो, पण तो टाळा. सगळ्यांना दोनच खुणा असतील तर एक गळून पडलेली लगेच कळते. संकेत मिसळले तर तोच मासा गुपचूप दुसऱ्याचा नंबर घेऊन फिरतो.

लाल, नारिंगी आणि गुलाबी एकत्र वापरू नका. गटात कुणाला लाल-हिरव्यातला फरक दिसत नसेल, तर ते आधीच विचारून घ्या. आणि ‘डावी’ म्हणजे माशाची डावी, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. वरून बघणारा एक, उताण्या माशाकडे बघणारा दुसरा, आरशातून चित्रीकरण करणारा तिसरा. तिघांच्या डाव्या बाजू तीन.

माशालाही रंग दिसतो, हे विसरणं

गप्पीच्या माद्या नारिंगी ठिपक्यांचे नर पसंत करतात, आणि विणीच्या काळात स्टिकलबॅकचा नर दुसऱ्याचं लाल पोट बघून चवताळतो. अशा माशांना नारिंगी किंवा लाल खूण करून जोडीदार-निवड तपासणं म्हणजे उत्तर आपणच रंगवून ठेवणं. झेब्राफिशला तर अतिनील प्रकाशही दिसतो. औषध दिलेल्यांना एक रंग आणि न दिलेल्यांना दुसरा, ही चूक अजून वाईट: निरीक्षकाला सगळं आधीच कळतं. रंग दोन्ही गटांत चिठ्ठ्या टाकून वाटा आणि वर्तनाची चाचणी घेण्याआधी मासे आठवडाभर सावरू द्या.

भारतात मासा पृष्ठवंशीय प्राणी म्हणून नियमांत येतो, त्यामुळे खूण करण्याची पद्धतही संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीकडे दिलेल्या अर्जात हवी. नंतर जोडायला जाल तर काम अडकतं.

एका टाकीत एकाच माशाचा माग ठेवायचा असेल तर सुई काढूच नका. पट्टेवाल्या माशासोबत फिक्या सोनेरी जातीचा एक सोबती सोडा. एकटेपणाही टळतो आणि खूण शोधायला टॉर्चही लागत नाही. सोबत्याची मापं मात्र आकडेवारीत घेऊ नका.