अपग्रेड फसलं, डेटाबेस उघडेना? या चुका टाळा

सोयाबीनची आवक ऐन भरात असताना परभणीच्या मोंढ्यातून एका आडत दुकानाचा फोन आला. आदल्या रात्री सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर नेली होती. त्यासोबत मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचंही ५.७ चं ८.० झालं आणि सकाळी डेटाबेस सुरूच होईना. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, उचल, हमाली, तोलाई, सगळा हिशोब त्यातच. दुकानातला मुलगा घाबरून ‘फोर्स रिकव्हरी’ला, म्हणजे बिघडलेला डेटाबेस जबरदस्तीने उघडायच्या सेटिंगला, ६ आकडा टाकायच्या बेतात होता. फोनवरच म्हणालो, “बाळा, थांब. काहीच करू नको.”

थेट ६ टाकणं हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. हा आकडा १ पासून चढवत न्यायचा. ४ आणि त्यापुढे डेटा कायमचा बिघडू शकतो. आणि हा प्रयोग मूळ फोल्डरवर कधीच नाही. आधी सर्व्हिस बंद करा, अख्खं डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि खटपट त्या कॉपीवरच करा. डेटाबेस उघडला तर लगेच डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एका फाईलमधली नक्कल, काढून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये भरा. त्या सेटिंगवर दुकान चालवू नका.

एरर लॉग, म्हणजे सर्व्हर आपल्या चुका लिहून ठेवतो ती फाईल, मात्र आम्ही वाचला. डेटा धडधाकट होता. जुन्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाईलमध्ये क्वेरी कॅशची, म्हणजे आधीची उत्तरं साठवून ठेवायच्या सोयीची, एक ओळ राहिली होती. ८.० मधून ती सोयच काढून टाकलेली आहे, म्हणून सर्व्हर अडून बसला होता. ओळ काढली, डेटाबेस चालू. डिस्क भरली असली तरी असंच अडतं, तेही आधी बघा.

‘लॉगफाईल’ नावाच्या फाईली जागा खातात म्हणून उडवू नका. लाईट जाऊन मशीन बंद पडलं असेल तर शेवटच्या नोंदी फक्त तिथेच असू शकतात. आणि ८.० ने एकदा हाती घेतलेल्या फोल्डरवर ५.७ परत बसवू नका, परतीची वाट फक्त अपग्रेडआधीच्या बॅकअपमधून जाते.

डंप परत भरल्यावर गावांची, शेतकऱ्यांची नावं प्रश्नचिन्हांत दिसली तर नवी पट्टी फाडू नका. कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ एमबी-४ (utf8mb4) ठेवून पुन्हा डंप घ्या. तक्त्यातच प्रश्नचिन्हं साठली असतील तर ती नावं त्यातून परत येत नाहीत, जुना बॅकअपच लागतो.

दुकान उघडण्याआधी शेवटचा पट्टी नंबर कागदी पट्टीबुकाशी आणि कालची शिल्लक रोजकीर्दीशी जुळवा. आम्ही दोघांनी ते केलं, मगच पहिल्या गाडीचं वजन नोंदवलं.