नुकत्याच वाचलेल्या कादंबरीचे टिपण कसे लिहावे

कादंबरी संपल्यावर दोन दिवसांच्या आत वही उघडावी, कारण कथानक महिनाभर लक्षात राहते, पण वाचताना मनात उमटलेली अस्वस्थता लवकर विरते. १८५० मध्ये स्थापन झालेल्या, कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिर या ग्रंथालयातून पुस्तक आणले असेल, तर परत करण्यापूर्वी आवडलेली वाक्ये पृष्ठक्रमांकासह उतरवून घ्यावीत. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनेही खुणा करू नयेत. कथासार दोन-तीन ओळींत संपवावे.

खरी मेहनत निवेदकावर घ्यावी. कोल्हापुरात वास्तव्य केलेल्या वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात, अशा वेळी आपण कोणावर विश्वास ठेवला, तो कोणत्या भागात डळमळला आणि नेमक्या कोणत्या वाक्यामुळे, हे लिहावे. मला स्वतःला शर्मिष्ठेची बाजू सर्वांत जवळची वाटते, आणि असा कल टिपणात लपवू नये, असे माझे ठाम मत आहे. ‘छान’, ‘अप्रतिम’ ही विशेषणे टाळावीत. कंटाळा आलेली पानेही नोंदवावीत. शेवटी रंकाळा तलावावर एक फेरी मारून यावे, सारे टिपण पुन्हा वाचावे आणि खाली तारीख घालावी.