‘बॉरो’ आणि ‘लेंड’ वापरताना या चुका टाळा

गेल्या खरिपात आमच्या गावातील एका मुलाने शुल्कमाफीचा इंग्रजी अर्ज तपासायला आणला. त्यात ‘माय फादर लेंट ८०,००० रुपीज फ्रॉम अ बँक’ असे वाक्य होते. बाबांनी बँकेकडून पीककर्ज काढले, हे त्याला सांगायचे होते. पण ‘लेंट’ म्हटल्याबरोबर बाबाच सावकार ठरले. तिथे ‘बॉरोड’ हवे होते.

या चुकीचे मूळ पाठांतराच्या वहीत असते. मराठीत ‘उसने’ हा शब्द तसाच राहतो आणि ‘देणे’ किंवा ‘घेणे’ त्याची दिशा ठरवते. इंग्रजीत मात्र ही दिशा क्रियापदाच्या पोटातच असते. ‘बॉरो म्हणजे उसने’ एवढेच लिहून ठेवणारा विद्यार्थी पुढे ‘गिव्ह मी बॉरो’ अशी जोडणी करतो, म्हणून वहीत पहिल्याच दिवशी ‘बॉरो’समोर ‘उसने घेणे’ आणि ‘लेंड’समोर ‘उसने देणे’ असा पुरता अर्थ लिहावा. ‘बॉरो’ हे क्रियापद जुन्या इंग्रजीतील तारण किंवा जामीन या अर्थाच्या शब्दाशी नाते सांगते. सोसायटीच्या कर्जासाठी जामीनदार शोधत फिरलेल्या घरात हे लक्षात ठेवणे अवघड जाऊ नये.

दुसरी चूक वाक्यरचनेची आहे. पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या डवरणीसाठी शेजाऱ्याचा डवरा (पिकाच्या ओळींमधले तण काढायचे अवजार) मागायचा असेल, तर ‘बॉरो मी युवर डवरा’ हे प्रमाण इंग्रजीत चुकते. शेजारी देणार असल्यामुळे ‘लेंड मी युवर डवरा’ म्हणावे, अथवा स्वतःला कर्ता करून ‘मे आय बॉरो युवर डवरा?’ असे विचारावे. ‘लेंड’पाठोपाठ घेणारा थेट येतो, तर ‘बॉरो’ला देणारा सांगण्यासाठी ‘फ्रॉम’ लागतो. ‘लेंड’चा भूतकाळ ‘लेंट’ होतो, ‘लेंडेड’ नव्हे.

जागची न हलणारी वस्तू सहसा ‘बॉरो’ करीत नाहीत. शेजाऱ्याचा मोटरपंप ‘बॉरो’ करता येतो, पण त्याच्या विहिरीवरून पाणी घ्यायचे असल्यास ‘यूज’ म्हणावे. पेरणीसाठी ट्रॅक्टर पैसे देऊन आणला असेल, तर तो ‘हायर’ केला असे लिहावे. पैशांचे मात्र तसे नाही. व्याज भरूनही ते ‘बॉरो’च केले जातात.