कोडमध्ये ०७७५ लिहिलं, मग सर्व्हरवर ०७५५ का दिसतं?

मी पतसंस्थांसाठी पीएचपीत सॉफ्टवेअर लिहिते. सभासदांचे केवायसीचे कागद, कर्जाचे अर्ज रोज अपलोड होतात आणि दर महिन्याचं फोल्डर कोडच तयार करतो. "परवानगीची अडचण येतेय? ७७७ करून टाक" हा सल्ला मला कधीच पटत नाही. यातले तीन अंक ओळीने मालक, ग्रुप आणि इतर यांचे; वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, आत जाण्याचा १, यांची बेरीज म्हणजे एक अंक. फोल्डर ७७७ केलं की त्या मशीनवरचा कुठलाही युजर तिथे फाइल टाकू शकतो, दुसऱ्याची फाइल पुसूही शकतो. लिनक्समध्ये फाइल पुसण्याचा हक्क फाइलच्या परवानगीवरून ठरत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या परवानगीवरून ठरतो.

म्हणून आकड्याच्या आधी माणसं मोजा, म्हणजे युजर. उबुंटू किंवा डेबियनवर पीएचपी-एफपीएम, म्हणजे पीएचपीचा कोड चालवणारी सेवा, सहसा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरखाली चालतं. पीएस कमांडने खात्री करून घ्या. कोडने बनवलेल्या फोल्डरचा मालक तोच होतो. लिहिणारा आणि वाचणारा तो एकटाच असेल तर ०७०० पुरतं. बॅकअपच्या युजरला नुसतं वाचायचं असेल तर त्याला त्याच ग्रुपमध्ये घ्या आणि ०७५० द्या. दोघांनाही लिहायचं असेल तर ०७७०. केवायसीचे कागद मुळात वेबरूटच्या (ब्राउझरमधून थेट उघडता येणाऱ्या फोल्डरच्या) बाहेर ठेवा आणि लॉगिन तपासून कोडमधूनच दाखवा. तसं केलं की 'इतरां'साठी शेवटी शून्यच राहतं.

आता आकडा लिहिताना सुरुवातीचं शून्य. तो ऑक्टल, म्हणजे आठच्या पायातला आकडा आहे. पीएचपीत शून्य न लावता नुसतं ७५५ लिहिलं तर ते दशमान धरलं जातं, आणि ऑक्टलमध्ये ते होतं १३६३. या आकड्यात मालकाला लिहिता येतं, आत जाता येतं, पण यादी वाचता येत नाही! कुठलीही एरर येत नाही, फोल्डर बनतं, आणि नंतर फाइलींची यादी काढणारा कोड अडतो. पायथन ३ मध्ये शून्यानंतर इंग्रजी ओ लागतो. नुसतं ०७५५ लिहिलं तर तिथे सिंटॅक्स एरर तरी मिळते.

शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर आहे यूमास्क. फोल्डर बनवणाऱ्या एमकेडिर फंक्शनला तुम्ही दिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा असते. त्यातून प्रोसेसचा यूमास्क काही बिट काढून घेतो. बहुतेक ठिकाणी तो ०२२ असतो, म्हणून ग्रुपचा लिहिण्याचा हक्क जातो आणि ०७७५ चं ०७५५ होतं. कोडमध्ये यूमास्क बदलून फोल्डर बनवायचं आणि यूमास्क परत पूर्ववत करायचा, हा मार्ग टाळा. यूमास्क अख्ख्या प्रोसेसचा असतो, त्यामुळे मल्टिथ्रेडेड सर्व्हरवर दुसऱ्या रिक्वेस्टच्या फाइलीही त्यात सापडतात. फोल्डर बनवल्यावर सीएचमॉड करा, म्हणजे परवानगी वेगळी बदलून घ्या. त्याला यूमास्क लागू होत नाही.

पण रिकर्सिव्ह पर्याय वापरून 'अपलोड/२०२५/०६' एकदम बनवलं असेल, तर सीएचमॉड फक्त शेवटच्या '०६'वर होतो. ०७७० मागितलं असलं तरी मधलं '२०२५' यूमास्कमुळे ०७५० वरच राहतं. जानेवारीत पुढच्या वर्षाचं फोल्डर बनतं, बॅकअपच्या युजरला त्यात नव्या महिन्याचं फोल्डर काढायचं असतं, आणि तेव्हा हे उघडकीला येतं. मी प्रत्येक पातळी लूपमध्ये वेगळी बनवते आणि प्रत्येकीवर सीएचमॉड लावते.

सामायिक ग्रुप टिकवायचा तर वरच्या 'अपलोड' फोल्डरवर सेटजीआयडी हा बिट लावा (०७७० च्या आधीचा २): ०२७७०. मग आतल्या प्रत्येक नव्या फोल्डरला तोच ग्रुप आणि तोच बिट आपोआप मिळतो. इथे एक जागा जपायची: नंतर पीएचपीतून सीएचमॉड करताना ०७७० दिलंत तर तो बिट पुसला जातो. तिथेही ०२७७० च लिहा.

दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर दुसरीचं एमकेडिर अपयशी ठरतं, कारण फोल्डर पहिलीने आधीच बनवलेलं असतं. त्यामुळे अपयश आलं की ते फोल्डर आहे का हे पुन्हा तपासा. नसेल तरच एक्सेप्शन टाका. एरर दाबून टाकणारं ॲटचं चिन्ह मात्र इथे नको.

शेवटी स्टॅट कमांडने प्रत्यक्ष आकडा, मालक आणि ग्रुप बघा. सगळं बरोबर दिसूनही 'परमिशन डिनाइड' येत असेल तर पूर्ण पाथ देऊन नेमआय कमांड उणे एल पर्यायासह चालवा. रूटपासून प्रत्येक फोल्डरची परवानगी ओळीने दिसते, आणि वरच्या कुठल्या फोल्डरवर आत जाण्याचा एक्स बिट नाही ते लगेच कळतं.