जातीचा दाखला अवैध ठरला, तर नोकरदाराने काय करावे

जात पडताळणी समितीच्या आदेशाची साक्षांकित प्रत त्याच दिवशी मागा. महाराष्ट्राच्या २००१ च्या जात प्रमाणपत्र कायद्यात समितीच्या या आदेशावर अपील नाही. कलम ७(२) नुसार थेट उच्च न्यायालयात रिट याचिका. सोलापूरकरांसाठी ते आता मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (खंडपीठासारखे स्थानिक न्यायपीठ), १८ ऑगस्ट २०२५ पासून. याचिकेतच स्थगिती मागा, नाहीतर कार्यालय कलम १० खाली सेवा संपवते.

खरी लढाई कागदांची, कारण जात सिद्ध करण्याचा भार कलम ८ ने तुमच्यावरच आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या नोंदी शोधा: आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुक (गावातली जुनी जन्म-मृत्यू नोंदवही). वडिलांकडच्या रक्तनात्यातले वैधता प्रमाणपत्र असेल तर वंशावळीसह जोडा. नोंदीत खाडाखोड मात्र कधीच करू नका. समितीचे दक्षता पथक मूळ रजिस्टर तपासते. ‘इतकी वर्षे नोकरी झाली’ यावर विसंबू नका. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते संरक्षण नाकारले.