पेरू चिरण्याआधी: ‘क’ जीवनसत्त्व मोजण्याची तयारी

खानापूरकडचे पेरू आणि आवळे आणून त्यांतले ‘क’ जीवनसत्त्व (ॲस्कॉर्बिक आम्ल) इंडोफिनॉल डायने, म्हणजे या आम्लाने रंग जाणाऱ्या निळ्या रंगद्रव्याने, मोजायचे असेल, तर फळाला सुरी लागण्यापूर्वी सगळी द्रावणे टेबलावर तयार हवीत. गराला हवा लागली की ॲस्कॉर्बिक आम्लाचे ऑक्सिडीकरण सुरू होते आणि त्यातून बनणारे डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल या पद्धतीत मोजलेच जात नाही.

फळाचा अर्क ज्यात काढायचा, ते मेटाफॉस्फोरिक आम्लाचे ३ टक्के द्रावण, म्हणजे लिटरला ३० ग्रॅम, आदल्या संध्याकाळी करून फ्रीजमध्ये ठेवावे. त्याच्या काचेसारख्या कांड्या विरघळायला फार वेळ घेतात. तरी बीकर तापवू नये, कारण उष्णतेने त्याचे ऑर्थोफॉस्फोरिक आम्ल होते. पाणी ऊर्ध्वपातितच घ्यावे. बोअरच्या पाण्यातले फेरस लोह डायचा रंग घालवते, आणि तांब्याचा अंशही ॲस्कॉर्बिक आम्ल झपाट्याने नासवतो. म्हणून पितळी भांडे जवळही आणू नये.

डायसाठी त्याचे ५० मिलीग्रॅम सोडियम लवण आणि ४२ मिलीग्रॅम सोडियम बायकार्बोनेट गरम पाण्यात विरघळवून, थंड झाल्यावर २०० मिली करावे आणि गाळून तपकिरी बाटलीत ठेवावे. स्टँडर्ड, म्हणजे डाय पारखायचे माहीत प्रमाणाचे द्रावण, मात्र त्याच सकाळी करावे: १०० मिलीग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल थंड मेटाफॉस्फोरिकमध्ये १०० मिली करून त्यातले १० मिली पुन्हा १०० मिली करावे. याच्या ५ मिलीमध्ये ५ मिली मेटाफॉस्फोरिक घालून, फिकट गुलाबी रंग १५ सेकंद टिकेपर्यंत ब्युरेटमधून (खुणांच्या, तोटीच्या काचनळीतून) डाय सोडावा. डाय ताजा असेल, तर तो साधारण ३ ते ४ मिली लागतो. त्याहून बरेच जास्त लागले, तर डाय शिळा समजून नवा करावा. हा आकडा रोज काढावा, कालचा चालत नाही.

नमुना किती घ्यायचा हेही आधीच ठरवावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम पेरूत २१२ मिलीग्रॅम आणि आवळ्यात ६०० मिलीग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दिले आहे. त्या हिशेबाने १० ग्रॅम पेरूचा अर्क १०० मिली केला, तर ५ मिलीला सुमारे ७ मिली डाय लागेल; आवळ्याला मात्र तेवढ्याच अर्काने वीसेक मिली लागतील, म्हणून त्याचा अर्क २ मिलीच घ्यावा. लाल गराच्या पेरूचा अर्क मुळातच गुलाबी असल्याने त्यात शेवटचा बिंदू, म्हणजे गुलाबी रंग टिकण्याचा क्षण, दिसत नाही; तसे नमुने एचपीएलसीसाठी (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रासाठी) वेगळे काढावेत. सल्फाइट घातलेल्या बाटलीबंद सरबताचा आकडाही फुगतो, तेव्हा त्यात आधी ॲसिटोन घालावे लागते.

चिठ्ठ्यांकडे दुर्लक्ष होते, म्हणून मुद्दाम सांगतो. आमच्याकडे एकदा एकाच गावच्या दोन पिशव्यांवर एकाने कानडीत आणि दुसऱ्याने मराठीत नाव लिहिले, आणि नोंदवहीत ती दोन गावे झाली. तेव्हापासून पिशवीवर फक्त क्रमांक घालतो. गाव, झाड आणि तोडणीची वेळ वहीत. फळे बर्फाच्या डब्यात आणावीत, तोडणीच्या दिवशीच तपासावीत, आणि डाय भरलेल्या ब्युरेटचे शून्य पाहून झाल्यावरच पहिला पेरू डब्याबाहेर काढावा.